सुख शोधण्याची पद्धत बाईपणाने, पुरुषपणाने ठरते की स्वभावाने? (कोकणातील अनुभव सांगावेत)

खाडीकाठ (मालवण तालुका)

गेल्या मे महिन्यात आमच्या घरी एक साधा प्रसंग घडला. त्यावरून घरात जे बोलणे झाले ते अजून माझ्या मनातून जात नाही, म्हणून हा विषय येथे मांडते आहे.

वाडीतल्या महिला मंडळाने गणपतीपुळ्याची एका दिवसाची सहल ठरवली होती. सासरे गेल्यापासून सासूबाई एकट्या पडल्या आहेत, चार बायकांत मिसळल्या तर त्यांना बरे वाटेल, अशा विचाराने मी त्यांना न विचारताच त्यांचे नाव दिले आणि पैसेही भरले. सहलीच्या दिवशी सकाळी सहा वाजता गाडी येऊन उभी राहिली, तेव्हा त्या मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपटात, रातांब्यांची (कोकमाच्या फळांची) टोपली पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. "माका हयच बरा वाटता, तुमी जावा," एवढेच म्हणाल्या. माझ्या नवऱ्याचे म्हणणे पडले की आईला आता कशातच रस उरलेला नाही, डॉक्टरांना दाखवायला हवे. नणंदेचे फोनवरून म्हणणे पडले की आम्ही आईकडे लक्ष देत नाही, म्हणून ती अशी घुमी झाली. मला दोघांचेही पटले नाही, पण माझे स्वतःचे म्हणणे काय आहे तेही सांगता येईना.

मीही सहलीला गेले नाही, आणि म्हणूनच एक गोष्ट पाहायला मिळाली. सासूबाई रातांबा दोन्ही अंगठ्यांनी मधोमध दाबून फोडत होत्या. बिया आणि गर टोपात, साली परातीत. आधीच्या साली उन्हातून काढून पुन्हा रसात बुडवायच्या होत्या; त्यांचे ते चौथे पूट होते. बुडवलेली प्रत्येक साल आतली बाजू वर करून त्या पसरत होत्या, दोन सालींच्या मध्ये बोटभर जागा सोडून. हात मनगटापर्यंत लाल झाले होते, आणि त्या गुणगुणत होत्या. माझ्या लग्नाला 27 वर्षे झाली, इतक्या वर्षांत मी त्यांना गुणगुणताना कधी ऐकले नव्हते. मी दाराशी आल्याचे कळताच ते थांबले.

त्यानंतर मी या विषयावर बरेच वाचले. ख्रिस टकाच आणि सोन्या ल्युबोमिर्स्की या अमेरिकी संशोधकांनी 2006 साली 500 महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विचारले होते की, आनंदी राहण्यासाठी किंवा आनंद वाढवण्यासाठी तुम्ही प्रत्यक्षात काय करता. उत्तरांतून आठ वाटा निघाल्या. माणसांत मिसळणे, मेजवान्या आणि मौजमजा, दुःखाचे विचार हटवण्यासाठी मनावर ताबा ठेवू पाहणे, उद्दिष्टामागे लागणे, बसल्या जागचा विरंगुळा, खेळ-व्यायामासारखा अंगाला हलवणारा विरंगुळा, धर्म, आणि थेट आनंदी राहायचे ठरवून तसे वागणे. पुरुषांचा कल खेळ-व्यायामाकडे आणि मनावर ताबा ठेवण्याकडे जास्त दिसला. स्त्रियांचा कल माणसांत मिसळण्याकडे, उद्दिष्टांकडे, बसल्या जागच्या विरंगुळ्याकडे आणि धर्माकडे. आता माझ्या सासूबाईंना या यादीत कोठे बसवायचे? त्या बाई आहेत, पण माणसांचा गोतावळा त्यांना नको आहे. त्यांची वाट त्यांच्या बाईपणाने ठरली, स्वभावाने ठरली, की 50 वर्षे माणसांनी भरलेल्या घरात राबल्यामुळे ठरली? आपापल्या घरातले, वाडीतले पाहिलेले सांगावे, अशी विनंती आहे.

आंबेमोहोर (देवगड)

ताई, आपण विषय काढलात म्हणून लिहितो. घरात मी हे कधी बोललेलो नाही.

पुरुषांचा कल मनावर ताबा ठेवण्याकडे असतो, हे वाचून मी बराच वेळ थांबलो. आमची हापूसची बाग आहे. लागोपाठ दोन हंगाम अवकाळी पाऊस आणि फुलकिडे यांनी मोहोर नेला. फवारणीचे पैसे अंगावर, बँकेचा हप्ता अंगावर. त्या काळात माझा एकच उपाय होता, तो म्हणजे त्याचा विचारच करायचा नाही. कोणी विचारले की "चाललंय, बघू पुढच्या वर्षी" असे म्हणून विषय बदलायचा. दिवसा ते जमत असे, पण रात्री तीनच्या सुमारास डोळा उघडला की झाडान्‌झाड डोळ्यांपुढे उभे राहायचे, कोणत्या कलमावर किती फळ टिकले याचा हिशोब आपोआप सुरू व्हायचा.

याचे कारण मला पुढे वाचनात सापडले. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने 1987 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना सांगितले की पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि तरीही तो आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नंतर त्याच लोकांना अस्वलाचा विचार करायची मोकळीक दिली तेव्हा तो विचार त्यांच्या मनात सुरुवातीपासून मोकळीक असलेल्या लोकांपेक्षा जास्त वेळा आला. दाबलेला विचार दबा धरून बसतो, हे आमच्यासारख्यांना सांगायला प्रयोगाची गरज नाही. पण हा आपल्या एकट्याचा दुबळेपणा नाही, हे कळून मला धीर आला.

माझी पत्नी त्याच दोन वर्षांत रोज संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावून झाला की पडवीत बसून बहिणीला फोन करत असे. अर्धा अर्धा तास. हप्ता, मोहोर, मुलाची फी, सगळे त्यात येई. मला त्याचा राग येत असे. घरातली अडचण बाहेर कशाला सांगायची, असे वाटे. आज विचार करतो तेव्हा दिसते की तिची झोप शाबूत राहिली आणि माझी गेली. मला लहानपणी पडून ढोपर फुटले तरी "पुरुषासारखा पुरुष, रडतोस काय" हेच ऐकायला मिळाले. तिला ते ऐकावे लागले नाही. मला बोलण्याचा स्वभाव मुळातच नव्हता, की तो मोडून काढला गेला, हे आता या वयात कसे ओळखायचे ते मला खरोखरच कळत नाही.

सांजवात (वेंगुर्ले)

वरचे दोन्ही अनुभव मनाला भिडले. मला एक वेगळी बाजू मांडायची आहे.

पद्धतीची निवड करायला आधी वेळ हाताशी असावा लागतो. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळवापर सर्वेक्षणात बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्या बायकांची त्या कामात दिवसाला सरासरी 299 मिनिटे जात होती, तर ते काम करणाऱ्या पुरुषांची 97. 2024 च्या सर्वेक्षणात हे आकडे 289 आणि 88 झाले. म्हणजे पाच वर्षांत दोघांचेही थोडे कमी झाले, अंतर जवळपास तेवढेच राहिले. स्वयंपाक, धुणे, झाडलोट धरून हे साडेचार-पाच तास. मुलांचे आणि म्हाताऱ्यांचे करणे त्यात धरलेलेच नाही.

मग बायका बसल्या जागचा विरंगुळा जास्त करतात, असे वाचले की मला आमच्या घरची दुपार आठवते. जेवणाची भांडी घासून झाली की तीन ते चार एवढाच वेळ माझा असतो, तोही कोणी आले नाही तर. त्या एका तासात मी खेळायला कोठे जाऊ? संध्याकाळी सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, मुलगे आणि बाप्ये टेनिस बॉलचे क्रिकेट खेळतात, तेव्हा मी चुलीपाशी असते. शाळेत असताना मी तालुक्यात लांब उडीत पहिली आले होते. मला अंग हलवायला आवडत नाही, असा निष्कर्ष कोणी माझ्याकडे पाहून काढला, तर तो माझ्या स्वभावाविषयीचा नसेल, माझ्या वेळापत्रकाविषयीचा असेल.

केवडा (रत्नागिरी)

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे जरा विस्ताराने लिहिते.

पहिली गोष्ट, टकाच-ल्युबोमिर्स्की यांच्या अभ्यासातला फरक सरासरीचा आहे. सरासरी स्त्री सरासरी पुरुषापेक्षा माणसांत जास्त मिसळते, याचा अर्थ प्रत्येक स्त्री तशी असते असा होत नाही; दोन्ही गट एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळलेले असतात. खाडीकाठ यांच्या सासूबाई त्यामुळे अपवाद किंवा आजारी ठरत नाहीत. शिवाय ते सगळे अमेरिकेतले विद्यार्थी होते. त्यांच्यावर ना रातांबे फोडण्याची वेळ आली, ना बँकेच्या हप्त्याची, हे विसरून चालणार नाही.

दुसरी गोष्ट स्वभावाची. स्वभाव मोजताना आम्ही पाच गुण धरतो: बहिर्मुखता, मनाची अस्थिरता, सौजन्य, कामातली शिस्त आणि नव्याची ओढ. कोस्टा आणि मॅक्रे यांनी 1980 साली दाखवले की आनंदाच्या भावना बहिर्मुखतेशी जोडलेल्या असतात आणि त्रासाच्या भावना अस्थिरतेशी. 2006 च्या अभ्यासाने त्यात मोलाची भर घातली. कोणाला किती आनंद वाटतो यात माणसामाणसांत जो फरक होता, त्यातला 52 टक्के फरक त्या आठ वाटांवरून सांगता आला. आणि स्वभावाचे पाच गुण आधी हिशोबात धरले, तरीही वाटांमुळे आणखी 16 टक्के फरकाचा उलगडा झाला. म्हणजे स्वभाव आणि आनंद यांचा जो संबंध दिसतो, त्याचा काही भाग माणूस रोज काय करतो त्यातून जातो. बोलका माणूस बोलका आहे म्हणून आनंदी असतो एवढेच नव्हे, तर बोलका असल्यामुळे तो माणसांत जातो आणि तेथे त्याला आनंद मिळतो. अर्थात हा सहसंबंध आहे, कार्यकारण नव्हे. आनंदी माणूसही माणसांत जास्त जातो.

आंबेमोहोर यांनी लिहिलेले याच अभ्यासात दिसते. आठही वाटांपैकी मनावर ताबा ठेवू पाहण्याचा आनंदाशी संबंध उलटा निघाला, आणि तीच वाट पुरुषांत जास्त आढळली.

पण बोलण्याने सगळे सुटते असेही मी म्हणणार नाही. सुझन नोलन-होक्सेमा यांनी आयुष्यभर या प्रश्नावर काम केले. मन खिन्न झाले की त्याच खिन्नतेभोवती पुन्हा पुन्हा फिरत राहण्याची सवय स्त्रियांत जास्त आढळते आणि ती नैराश्याकडे नेऊ शकते, असे त्यांनी मांडले. पुढे अमांडा रोज यांनी 2002 साली मुलींच्या मैत्रीत एक गोष्ट टिपली. दोघी मैत्रिणी एकाच अडचणीचा कीस काढत बसल्या की जवळीक वाढते आणि सोबत उदासीही वाढते. माझी आई आणि मावशी ओटीवर बसून मामाच्या वाटणीच्या भांडणाविषयी वर्षानुवर्षे बोलत आल्या आहेत. एकमेकींवाचून त्यांचे चालत नाही, आणि उठताना दोघींचेही डोके दुखत असते. आंबेमोहोर यांच्या पत्नीची झोप शाबूत राहिली याचे एक कारण हेही असेल की तो फोन अर्ध्या तासात संपत होता आणि नंतर त्या स्वयंपाकाला उठत होत्या.

तिसरी गोष्ट खास खाडीकाठ यांच्यासाठी. विल्यम फ्लीसन यांनी 2002 साली दाखवले की अबोल माणसेही ज्या तासाला जास्त बोलकी, उत्साही वागतात त्या तासाला त्यांना जास्त आनंद वाटतो. त्यावरून सर्वांनी माणसांत जावे, असा सल्ला सर्रास दिला जाऊ लागला. परंतु 2019 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी लोकांना आठवडाभर ठरवून बहिर्मुख वागायला सांगितले, तेव्हा मुळात अंतर्मुख असलेल्यांना त्याचा लाभ कमी झाला. ती माणसे थकली, आणि आपण खोटे वागतो आहोत असे त्यांना वाटले. सहलीची एखादी दुपार सासूबाईंना कदाचित आवडलीही असती. त्यांनी 50 वर्षे पाहुण्यारावळ्यांत, सणावारांत जे वागणे केले, ते मात्र आठवड्याचे नव्हते.

मनीऑर्डर (संगमेश्वर)

खाडीकाठताईंनी लिहिलेल्या धर्माच्या वाटेविषयी काही सांगावेसे वाटते. धर्माकडे स्त्रियांचा कल जास्त, हे आपल्याकडे बघताना मला तसेच्या तसे लागू होताना दिसत नाही.

माझे वडील गिरणी कामगार होते. परळला गाववाल्यांच्या गाळ्यात 20-22 माणसे पाळीपाळीने झोपत. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांच्या बाबतीत तो संप संपलाच नाही. वडील 1984 साली कायमचे गावी आले. त्या काळी मी आठ वर्षांचा होतो. ते कोणाशी बोलत नसत. मुंबईचे नाव काढलेले त्यांना चालत नसे. रेडिओवर मुंबईच्या बातम्या लागल्या की उठून बंद करत. आंबेमोहोर यांनी लिहिलेले वाचताना मला ते दिवस आठवले.

त्यांना बाहेर काढले ते भजनाने. वाडीच्या भजनी मंडळात मृदंग वाजवायला माणूस हवा होता, आणि गाळ्यात ते मृदंग शिकले होते. दर गुरुवारी देवळात, चातुर्मासात अधूनमधून कोणाच्या घरी. भजनात कोणी तुमची विचारपूस करत नाही, तुम्हाला काही सांगावे लागत नाही. तरी रात्री अकरापर्यंत तुम्ही 15 माणसांच्या मांडीला मांडी लावून बसलेले असता, आणि तुमची थाप चुकली तर सगळे थांबतात. वर्षभरात वडील हसू लागले. मग हे काय होते? धर्म, माणसांत मिसळणे, की बसल्या जागचा विरंगुळा? मला वाटते, अबोल पुरुषाला माणसांत जाण्यासाठी आपल्याकडे जी वाट ठेवली आहे ती ही आहे. नमन, जाखडी, शिमग्यात पालखी नाचवणे, सगळ्यांचे तेच.

आईचा धर्म निराळा होता: उपास, हरतालिका, गौरीचा ओवसा, दारातली तुळस. त्यात दोन-तीन दिवस फुगड्यांचे सोडले तर बाकी सगळे एकटीचे, आणि बरेचसे दुसऱ्यासाठी मागण्याचे. एकाच शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी आपण मोजतो आहोत. आमच्या भागात आता बायकांचीही भजनी मंडळे झाली आहेत, हे फार चांगले झाले.

आणखी एक. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात 1000 पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. पुरुष पोटामागे बाहेर, बायका गावात. भाताची लावणी, गडी लावणे, घराची शाकारणी, वाटणीच्या खटल्याच्या तारखा, सगळे आईने एकटीने 14 वर्षे केले. वडील परत आले आणि दोन महिन्यांत हे सारे आपोआप त्यांच्या हातात गेले. वडिलांच्या उदासीचे घरात सर्वांना कळत होते. आईचे काय झाले, हे मी आज लिहिता लिहिता पहिल्यांदा स्वतःला विचारतो आहे.

दीपस्तंभ (हर्णै)

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु सगळा भार परिस्थितीवर टाकणे मला योग्य वाटत नाही. कोस्टा, टेरासियानो आणि मॅक्रे यांनी 2001 साली 26 संस्कृतींतली माहिती एकत्र केली. समृद्ध आणि मोकळ्या देशांत स्त्री-पुरुषांचे स्वभाव एकमेकांच्या जवळ आलेले दिसायला हवे होते. प्रत्यक्षात तेथेच फरक जास्त निघाला. बंधने कमी केली आणि फरक वाढला, तर मुळात काही निराळेपण असणारच.

दुसरे, पुरुष माणसांत मिसळत नाहीत असे नाही. त्यांची तऱ्हा वेगळी असते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत आमच्या बंदरावर शेडमध्ये जाळी दुरुस्त करायला बसतात. परवा मी मुद्दाम पाहिले. चौघेजण एकाच जाळ्याच्या चार अंगांना. एक फाटका भाग ओढून ताणून धरतो, दुसरा सुईने गाठ मारतो, पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवलेला. तासाभरात दहा वाक्येही झाली नसतील, आणि त्यातली सहा सुई मागण्याची. तरी त्यांतला एक आजारी पडून चार दिवस आला नाही तेव्हा उरलेले तिघे कामाला बसले नाहीत, त्याच्या घरी जाऊन ओट्यावर गप्प बसून आले. बायका समोरासमोर बसतात, पुरुष शेजारी शेजारी बसतात. प्रश्नावलीत "तुम्ही मित्रांशी मन मोकळे करता का" असे विचारले, तर हे चौघेही नाही म्हणतील.

केवडा (रत्नागिरी)

दीपस्तंभ, जाळ्याचे उदाहरण मी वर्गात सांगणार आहे. "शेजारी शेजारी" हा भेद संशोधनातही आढळतो.

2001 च्या निष्कर्षाविषयी मात्र एक सांगते. निष्कर्ष खरा आहे आणि नंतरच्या मोठ्या पाहणीतही तसाच आला. परंतु त्याचा अर्थ लावण्यात एकमत नाही. त्या लेखकांनीच एक शक्यता मांडली होती. जेथे बायकांची आणि पुरुषांची कामे रूढीने ठरलेली असतात, तेथे एखादी स्त्री प्रेमळ वागली तर ते तिचे कर्तव्य समजले जाते, तिचा स्वभाव म्हणून मोजले जात नाही. शिवाय आपण स्वतःला कोणाशी ताडून पाहतो? माझी आई "मी फार बोलत नाही" असे म्हणते तेव्हा ती मावशीशी तुलना करत असते, माझ्या वडिलांशी नव्हे. प्रश्नावलीचे उत्तर अशा तुलनेतूनच येते. म्हणून निराळेपण नाहीच असे मी म्हणत नाही. ते किती आहे, हे घरातली कामे वाटली जाईपर्यंत आपल्याला नीट मोजता येणार नाही, असे म्हणते.

पाऊसवेडा (कुडाळ)

आमच्या वाडीतले एक उदाहरण. आठ वर्षांपूर्वी घरोघरी नळ आले. त्याआधी सकाळी विहिरीवर बायकांची जी गजाल (गप्पा) चालायची ती संपली. पार मात्र तेथेच आहे, त्यामुळे पुरुषांच्या गजाली चालूच आहेत. बायकांची भेटण्याची जागा गेली आणि तिच्या जागी दुसरी कोणी दिली नाही. आता प्रत्येकजण आपापल्या घरात मोबाइल घेऊन बसते.

सांजवात (वेंगुर्ले)

पाऊसवेडा, आपला हेतू चांगला आहे, पण विहिरीचे असे कौतुक मला सहन होत नाही. माझी आई डोक्यावर दोन हंडे आणि कमरेवर कळशी घेऊन 70 पायऱ्या चढत असे. तिच्या मानेचे दुखणे आजही गेलेले नाही. गजाल चालायची हे खरे, कारण रांगेत उभे राहावे लागायचे. बायकांना एकत्र यायला नेहमी काही ना काही कामच का लागावे? विहीर, काजू सोलणे, बचत गटाची बैठक, हळदीकुंकू. पुरुष पारावर बसतो तेव्हा तू येथे कशाला बसलास, असे त्याला कोणी विचारत नाही. मी एकदा, केवळ एकदा, सूर्य मावळताना बंदराच्या धक्क्यावर एकटी जाऊन बसले होते. 20 मिनिटांत तिघांनी येऊन विचारले, काय झाले, घरी सगळे ठीक आहे ना.

पाऊसवेडा (कुडाळ)

ताई, मान्य. मानेचे दुखणे मी धरले नव्हते. जागा हवी, हंडा नको, असे मला म्हणायला हवे होते.

खाडीकाठ (मालवण तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. सांजवात यांचे धक्क्यावरचे वाचून मला सासूबाईंचा मांगर कळला. त्यांना एकटे बसायचे असेल तर हातात काम लागते. रातांबे नसतील तर त्यांना तेथे कोणी बसू देणार नाही, आम्हीसुद्धा नाही. नुसत्या बसल्या असत्या तर मीच जाऊन विचारले असते की बरे नाही का.

काल मी त्यांना विचारले की, तुम्हाला आधीपासूनच एकटे आवडते का. त्या म्हणाल्या की माहेरी त्या आठ भावंडांत सर्वांत बडबड्या होत्या, नाचण्यात आणि फुगड्यांत पुढे. सासरी आल्यावर बोलण्याचा कंटाळा आला, कारण येथे बोलणे म्हणजे कोणाला तरी उत्तर देणे. म्हणजे मी ज्याला स्वभाव म्हणत होते तोही कदाचित या घराने घडवलेला आहे. तरीही आजची त्यांची आवड आज खरीच आहे, आणि ती "मुळातली" नाही म्हणून मी त्यांना पुन्हा गाडीत बसवणे बरोबर होणार नाही. यंदा गौरीचा ओवसा त्या करणार आहेत; फुगडीचे विचारले तर "बघूया" म्हणाल्या. नवऱ्याला हे सगळे मी वाचून दाखवले. डॉक्टरांचा विषय त्यांनी सोडला आहे, मांगराच्या दाराला आतून कडी लावून दिली आहे.

मनीऑर्डर, आपण आईला विचारलेत का?

मनीऑर्डर (संगमेश्वर)

हो. ती आता 79 वर्षांची आहे, ऐकू कमी येते, म्हणून फोनवर न बोलता रविवारी गावी जाऊन विचारले. अण्णा मुंबईला होते ती 14 वर्षे आणि ते आल्यानंतरची वर्षे, यांत तुला बरे कधी वाटायचे, असे सरळ विचारले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, अण्णा आले याचा आनंद मोठाच होता, त्याला मी नख लावणार नाही.

नंतर तिने सांगितले ते असे. मनीऑर्डर आली की त्या आठवड्याच्या बाजाराला ती एकटी जायची. मला आजीकडे ठेवायची. मीठ-मिरची, रॉकेल, माझी वही घेऊन झाली की चार आण्यांची कांदाभजी कागदात बांधून घ्यायची. परतीच्या वाटेवर सड्यावर एक आईनाचे झाड होते. तेथे पिशव्या उतरवून, पाय पसरून ती भजी खायची, सगळी, एकटीने. उन्हे कलेपर्यंत बसायची. "कोण विचारणारा नव्हता नि कोणाला द्यायची नव्हती," असे म्हणाली. अण्णा आल्यावर बाजाराला ते जाऊ लागले. भजी ते न चुकता आणायचे, सगळ्यांसाठी.

ते झाड अजून आहे का, असे तिने मला विचारले. मी परतताना गाडी थांबवून पाहिले. आहे.